मुंबईच्या जुन्या इमारतीतलं हॉटेल: आई-आप्पांना घेऊन राहून आले, थोडं सविस्तर

तापीकाठची (जळगाव)

नमस्कार मंडळी,

आपल्या खान्देशातला माणूस मुंबईला जातो तो कामाला. टाटा हॉस्पिटल, मंत्रालय, हायकोर्टाची तारीख, नाहीतर कल्याण-डोंबिवलीला नात्यातलं लग्न. रात्रीची गाडी धरायची, पहाटे उतरायचं, काम उरकायचं आणि पुन्हा फलाटावर. आमच्या आप्पांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिटर म्हणून गेली. सुटे भाग आणायला सारखे मुंबईला जायचे, पण मुंबईत मुक्काम असा कधी झालाच नाही. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आम्ही भावंडांनी ठरवलं की कार्यक्रम, हॉल, आहेर काही नको. दोघांना दक्षिण मुंबईत नेऊन निवांत ठेवायचं, आणि तेही एखाद्या जुन्या इमारतीत.

कुलाब्यात एका शंभरी उलटलेल्या इमारतीत छोटं हॉटेल मिळालं. याला हल्ली बुटीक हॉटेल म्हणतात. मोजक्या खोल्या, एक खोली दुसरीसारखी नाही, आणि माणसं नावानं हाक मारतात. नाव इथे लिहीत नाही, धाग्याची जाहिरात व्हायला नको. हवं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खोलीत शिरल्यावर आप्पा पलंगावर बसलेच नाहीत. मान वर करून छत बघत राहिले. छत चांगलं चौदा-पंधरा फुटांवर, सागवानी तुळया तशाच उघड्या ठेवलेल्या. तुळई भिंतीत शिरते त्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ, लाकूड सगळ्यात आधी इथं सडतं. भिंतीत ओल गेली की तुळईचं टोक खलास. यांनी इथं खालून दगड दिलाय आणि भोवती मोकळं ठेवलंय. ज्यानं दुरुस्ती केली त्याला काम येतं." मग हॉटेलच्या मुलाला बोलावून विचारलं की भिंतीला आतून गिलावा कशाचा आहे. त्या मुलानं चौकशी करून संध्याकाळी येऊन सांगितलं, चुन्याचा आहे. आप्पांना झालेला आनंद बघण्यासारखा होता.

खिडकीला बाहेरून लाकडी झडपा, त्यांच्या आत काचेची तावदानं. दुपारी झडपांच्या पट्ट्या अर्ध्या वळवल्या की ऊन बाहेर राहायचं, वारा आत यायचा. डिसेंबर असल्यामुळे एसी रात्रीपुरताच लावला. जमीन नक्षीच्या लाद्यांची, पिवळा-काळा-विटकरी रंग. आई सगळा वेळ अनवाणीच फिरली.

आता अडचणीही सांगते. बाथरूम नंतर काढलेलं आहे, त्यामुळे आत जाताना सहा-सात इंचांची पायरी चढावी लागते. रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती धोक्याची. आम्ही मोबाइलचा दिवा तिथेच लावून ठेवायचो. रस्त्याकडची खोली असल्यामुळे रात्री साडेअकरापर्यंत हॉर्न. आणि भिंती जाड असल्या तरी दरवाजे जुने, बोळातून कुणी बॅग ओढत नेली की खोलीत ऐकू येतं.

एवढं असूनही मी म्हणेन की आपल्या लोकांनी एकदा तरी असं राहावं. गेट वे बघून परत येणं वेगळं, आणि त्या काळच्या इमारतीत झोपून उठणं वेगळं. प्रश्न असतील तर विचारा, माहीत आहे तेवढं सांगते.

भुसावळ_जंक्शन

फार छान लिहिलंत ताई. आप्पांना नमस्कार सांगा.

आपल्या भागातल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या रात्रीच्या गाड्या सीएसएमटीला भल्या पहाटे नाहीतर सकाळी पोहोचतात आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी बारा किंवा दोनला. मोठ्या हॉटेलांत एखादी खोली रिकामी सापडते, पण आठ-दहा खोल्यांच्या ठिकाणी आधीचा पाहुणा निघाल्याशिवाय ते काही करू शकत नाहीत. तेव्हा बुकिंग करतानाच फोन करून विचारायचं की सामान ठेवता येईल का, हात-पाय धुवायला, अंघोळीला जागा आहे का. बरोबर वयस्कर मंडळी असतील तर सरळ आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी, किंवा दिवसाच्या गाडीनं जावं. रात्रभर प्रवास करून आलेल्या सत्तरीच्या माणसाला सहा-सात तास खुर्चीत बसवणं बरं नाही.

आणि सीएसएमटीला उतरलात तर लगेच टॅक्सीकडे पळू नका. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं लागलेली इमारत आहे, २००४ पासून जागतिक वारशात. समोरच्या फुटपाथवर उभं राहून वरचे मोर, माकडं, पानं निवांत बघा. आपण एरवी तिथून खाली मान घालून निघून जातो.

खरं_सांगतो (पाचोरा)

ताईंचा अनुभव चांगला आहे, पण दुसरी बाजूही यायला हवी. गेल्या वर्षी आम्ही अशाच एका "हेरिटेज" हॉटेलात राहिलो. फोटोत उंच खिडकी, झुंबर, सगळं. प्रत्यक्षात जी खोली दिली तिची खिडकी इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये उघडत होती. समोर पाइप आणि कबुतरं. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही, माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. तक्रार केली तर म्हणे, जुनी इमारत आहे, समजून घ्या. तेवढ्याच पैशांत अंधेरीला नव्या हॉटेलात लिफ्ट, मोठं बाथरूम, पार्किंग सगळं मिळतं. जुनं म्हणून ग्राहकानं किती समजून घ्यायचं?

तापीकाठची (जळगाव)

तुमचा राग रास्त आहे. डक्टमध्ये खिडकी उघडणारी खोली फोटोतल्या खोलीच्या भावात देणं ही फसवणूकच, तिथे इमारतीचं वय मध्ये आणायचं कारण नाही. म्हणून मी बुकिंग करताना हॉटेल नाही, खोली ठरवली. फोनवर विचारलं: कितव्या मजल्यावरची, खिडकी कुठे उघडते, लिफ्ट त्या मजल्यापर्यंत जाते का, लिफ्टच्या आधी किती पायऱ्या आहेत, बाथरूमला पायरी आहे का, कमोडजवळ धरायला दांडा आहे का. त्यांनी त्याच खोलीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला आणि तीच खोली मिळेल असं लिहून दिलं. जे लिहून द्यायला तयार नव्हते त्यांच्याकडे मी गेलेच नाही.

चुनागच्ची (मूळ धुळे, सध्या मुंबई)

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते. पाचोऱ्याच्या दादांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात येईल.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. इमारतींना श्रेणी दिल्या: १, २अ, २ब आणि ३. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला जवळपास हातच लावता येत नाही, खाली येत जावं तशी मोकळीक वाढते. बाहेरचं रूप बदलणारं काम काढायचं तर वारसा समितीचं मत घ्यावं लागतं. त्यामुळे मालकाची इच्छा असूनही हवी तिथे लिफ्टची विहीर पाडता येत नाही. दुसरं कारण इमारतीच्या हाडातलं आहे. या इमारती आरसीसीच्या नाहीत. भार भिंतींवर, आणि मजला लाकडी तुळयांवर. बाथरूम नव्यानं काढायचं म्हणजे पाण्याचे आणि मैल्याचे पाइप उतारानं न्यायला जागा पाहिजे, आणि तुळई कापता येत नाही. मग पाइप तुळयांच्या वरून न्यायचा आणि बाथरूमची जमीन तेवढी उचलायची. ताईंना लागलेली ती पायरी यातूनच येते. चांगला मालक तिथे पट्टी रंगवतो, खाली दिवा देतो, दांडा बसवतो. तेवढं मागण्याचा पाहुण्याला पूर्ण हक्क आहे.

तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा अख्खी इमारत हॉटेलची नसतेच. एक-दोन मजले हॉटेलचे, बाकीच्या घरांत पिढ्यान् पिढ्यांचे भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी जवळजवळ जागच्या जागी थांबली. भाडेकरूंना संरक्षण मिळालं ते त्या काळी गरजेचंच होतं, पण दुरुस्तीला पैसा उरला नाही. जिना, गच्ची, बाहेरची भिंत सामायिक, मग खर्च कुणी करायचा यावर वर्षानुवर्षं वाद. म्हणून आत खोली लखलखीत आणि जिन्यात पोपडे उडालेले असं चित्र दिसतं.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण काळा घोड्याला आहे. वॉटसन्स हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतीव लोखंडाचा सांगाडा करून जहाजानं इथे आणला आणि जोडला. ७ जुलै १८९६ ला लुमिए बंधूंची चलचित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. नंतर हॉटेल बंद पडलं, आत असंख्य गाळे पडले, २००५ मध्ये एक भाग कोसळला, २०१९ मध्ये उरलेल्या लोकांना बाहेर काढावं लागलं. हॉटेल म्हणून नीट चालू राहिलं असतं तर रोज कुणीतरी तिथे फरशी पुसली असती, गळती लगेच दिसली असती. जुनी इमारत वापरात असली तरच तगते, आणि वापरातून दुरुस्तीचा पैसा आला पाहिजे. तुम्ही खोलीचं भाडं देता तेव्हा त्यातला काही भाग त्या तुळयांवर जातो. म्हणूनच डक्टमधली खोली फोटोच्या भावात विकणाऱ्याचा मला तुमच्याइतकाच राग येतो.

ताईंच्या लाद्यांबद्दल थोडं. या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. पितळी साच्यात रंगीत सिमेंटचा थर हातानं ओततात, वर कोरडं सिमेंट-वाळू, मग दाबयंत्राखाली दाब देतात आणि पाण्यात ठेवून पक्क्या करतात. नक्षी वरवरची नसते, काही मिलिमीटर खोल असते, म्हणून शंभर वर्षं पायाखाली राहूनही पुसत नाही. आधी त्या परदेशातून यायच्या. १९२२ मध्ये भारत टाइल्सनं स्वदेशीच्या भावनेतून त्या इथे करायला सुरुवात केली. ॲसिड टाकून पुसल्या तर मात्र एका वर्षात जातात.

अमळनेरची_लेक

वा! हा प्रतिसाद जपून ठेवला. एक विचारायचं होतं. जमशेटजी टाटांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं, हे खरं का? आणि ताज उलटं, म्हणजे पुढची बाजू मागे करून बांधलं गेलं असंही आमचे सर सांगायचे.

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. माझ्या सासरची मंडळी शाकाहारी, कांदा-लसूणही बेतानं. कुलाब्यात कैलास पर्बतला शाकाहारी जेवण मिळतं. सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाला आहे, पुरीभाजी साधी आणि गरम. छोट्या हॉटेलांत नाश्ता भाड्यात धरलेला असतो, पण बहुधा पाव, अंडी, फळं असा. पोहे-उपमा मिळेल का, अंडं वेगळ्या भांड्यात करतात का, हे आधीच विचारलेलं बरं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेलीच होती. त्यांनी ताटं-वाट्या आनंदानं आणून दिल्या.

चुनागच्ची (मूळ धुळे, सध्या मुंबई)

अपमानाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिच्यावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे. मी ती इतिहास म्हणून सांगणार नाही. प्लेगच्या त्या वर्षांत मुंबईची पत पुन्हा उभी करावी, शहराला साजेसं हॉटेल असावं, हा हेतू पुरेसा मोठा होता.

उलटं बांधल्याची गोष्ट मात्र नक्की खोटी. आधी प्रवेश शहराच्या बाजूनं होता, कारण बग्ग्या तिकडून यायच्या आणि समुद्राकडची बाजू खोल्यांसाठी राखायची होती. त्या जुन्या प्रवेशाच्या जागी आज पोहण्याचा तलाव आहे. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. गेट वे ऑफ इंडिया पूर्ण झालं १९२४ मध्ये, म्हणजे ताज आधीचं. आणि आपल्या लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ताजचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्यांच्या निधनानंतर चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदानं काम पूर्ण केलं. पहिल्या महायुद्धात याच हॉटेलात ६०० खाटांचं रुग्णालय चाललं. तिथे राहणं परवडलं नाही तरी सी लाउंजच्या खिडकीशी बसून चहा घेता येतो. महाग आहे, पण आयुष्यात एकदा घ्यावा.

सरकी (धरणगाव)

चुनागच्ची ताई, तुम्ही इमारतींचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. आमचा तीन पिढ्यांचा कापसाचा धंदा.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला. लँकेशायरच्या गिरण्यांना माल हवा होता. तो कुठून आला? गुजरात, वऱ्हाड आणि आपला खान्देश. त्याच वर्षांत जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आलं. आजचं जळगाव तिथून घडत गेलं. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे कापसाचे सगळ्यात मोठे व्यापारी. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, १८७८ साली पुरा झाला, नाव त्यांच्या आईचं. युद्ध संपलं, १८६५ ला भाव कोसळले, मोठमोठे सावकार बुडाले, इकडे आपल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज राहिलं. ते कर्ज सोसणाऱ्यांची नावं कुठल्याच मनोऱ्याला नाहीत.

ताई ज्या कुलाब्यात राहिल्या तिथेच त्या काळी कापसाचं मोठं पटांगण होतं, कॉटन ग्रीन. गासड्या तिथे उतरायच्या, प्रत बघून सौदे व्हायचे. १९२० च्या दशकात ते सगळं शिवडीकडे हललं, म्हणून हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन स्टेशन आहे.

मी मुलाला घेऊन गेलो तेव्हा ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं केलं. एका बाजूला विद्यापीठ, हायकोर्ट, दगडी गॉथिक. दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशात गेल्या. त्याला म्हटलं, भो, हे बघताना आपण पाहुणे आहोत असं समजू नको. यात आपल्या काळ्या मातीतली बोंडं आहेत. आप्पांसारख्या जिनिंगच्या माणसाला त्या भागात राहायला मिळालं, मला फार बरं वाटलं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सरकीभाऊ, डोळे भरले वाचून.

उलटा प्रवासही झालाय, तोही सांगतो. मुंबईत जन्मलेला एक पारशी कलावंत चाळीसगावात येऊन राहिला आणि स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्याबाहेर वर्षानुवर्षं पडलाच नाही. केकी मूस. छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, ओरिगामी. १९८९ ला गेले. रोज रात्री पंजाब मेलनं कुणीतरी येणार म्हणून ते वाट बघायचे असं गावात सांगतात. तो बंगला त्यांच्या वस्तूंसह संग्रहालय म्हणून जपलेला आहे. मुंबईला जाताना-येताना चाळीसगावला उतरून बघा.

आपल्या वाड्यांचं कुणी असं का करत नाही, हा प्रश्न मला छळतो. बोदवड, पारोळा, सोनगीर, कुठेही जा, सागवानी खांबांचे वाडे उभे आहेत. वारस वीस-पंचवीस, सह्या जमत नाहीत, शेवटी खांब भंगारवाल्याकडे जातात आणि मुंबई-पुण्याच्या हॉटेलात शोभेला लागतात.

नंदुरबारी

ताई, बठ्ठं वाचं, भारी लिखं शे. आता साधे प्रश्न. भाडं किती पडलं? आणि आमच्याकडच्या गाड्या सुरत मार्गानं जातात, वांद्रे-दादरला उतरावं लागतं, तर कुलाबा लांब पडेल का? फेब्रुवारीत आईला न्यायचंय, तिला गर्दीच्या लोकलमध्ये चढवत नाही.

तापीकाठची (जळगाव)

सगळ्यांचे आभार. सरकीभाऊंचा प्रतिसाद आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले, कॉटन ग्रीनचं मला माहीत असतं तर जागा शोधून बघितली असती.

नंदुरबारी दादा, आम्हाला खोलीमागे दिवसाला सहा हजारांच्या आसपास पडलं, नाश्ता धरून. करही मोजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलात की १८ टक्के. त्यामुळे आठ हजारांची खोली प्रत्यक्षात साडेनऊ हजारांच्या घरात जाते. भाव विचारताना कर धरून विचारा. शनिवार-रविवार सोडून गेलात तर कमी होतो, आम्ही मंगळवार-बुधवार धरले होते.

तुम्ही पश्चिम रेल्वेनं येणार, तर कुलाब्यापेक्षा मरीन ड्राइव्ह-चर्चगेटचा भाग सोयीचा. तिथे सी ग्रीनसारखी आर्ट डेको काळातली हॉटेलं आहेत, समुद्र समोर. दादरहून सकाळी लवकर टॅक्सी केलीत तर रस्ता मोकळा असतो. समुद्राकडची खोली हवी असं मात्र स्पष्ट लिहून घ्या, मागच्या बाजूच्या खोल्याही असतात. फेब्रुवारी चांगलाच. पावसाळ्यात मी म्हाताऱ्या माणसांना नेणार नाही: झडपा फुगून घट्ट बसतात, जिने ओले असतात आणि फिरणं होत नाही.

चुनागच्ची ताईंना विचारून मी दोन-तीन हॉटेलांची नावं आणि कुठल्या मजल्यापर्यंत लिफ्ट जाते ते तुम्हाला व्यनि करते. आईंच्या गुडघ्यांचं कितपत आहे ते कळवा. जाळीच्या जुन्या लिफ्टला आधी पाच-सहा पायऱ्या असतात, त्या त्यांना जमतील का ते आधी बघू.

नंदुरबारी

पाच-सहा पायऱ्या चढेल, कठडा असला म्हणजे झालं. व्यनिची वाट बघतो ताई.